स्पोर्ट बाईकला पॉवर मोड आणि इलेक्ट्रॉनिक्स लागतातच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी स्पोर्ट बाईक घेतलेल्या माणसाचे पहिले दोन दिवस हल्ली बटणं दाबण्यात जातात. पडद्यावर पॉवर मोड, ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), व्हीली कंट्रोल, इंजिन ब्रेकिंग असं सगळं ओळीने मांडलेलं असतं, त्यामुळे हे एकाच माळेचे मणी आहेत असा समज होतो. खालचे बहुतेक प्रश्न त्याच समजातून आलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: ब्रेक आणि घसरण सांभाळणारी यंत्रणा हवीच. पॉवर मोड मात्र बहुतेक वेळा बिघडलेल्या थ्रॉटलला लावलेलं ठिगळ असतं.

पॉवर मोड बदलला की गाडीत नेमकं काय बदलतं?

पूर्वी मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये एक तार असायची. मूठ जितकी पिळाल तितकी थ्रॉटलची झडप उघडायची, मध्ये बोलणारं कोणी नव्हतं. आता बऱ्याच गाड्यांत मूठ किती फिरली ते सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो, आणि झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवून छोट्या मोटरकडून करून घेतो. यामाहाने २००६ च्या वायझेडएफ-आर६ मध्ये झडप अशी मोटरवर सोपवली. निर्णय एकदा ईसीयूच्या हातात गेला की त्याला दोन-तीन निराळे हिशेब शिकवणं सोपं. ते हिशेब म्हणजेच मोड.

मोडचं बटण त्याशिवायही जमत होतं, बरं का. सुझुकीच्या २००७ च्या जीएसएक्स-आर१००० वर ए, बी आणि सी असे तीन मोड होते आणि त्या गाडीची मुख्य झडप तारेनेच उघडायची. तिच्या वाटेत मोटरवर चालणारी दुसरी झडप होती. मोडप्रमाणे ती हवा कमी-जास्त सोडायची.

मोडच्या जाती दोन. पहिल्या जातीत ताकद कमी होत नाही, ती येण्याची पद्धत बदलते: मूठ अर्धी फिरवली तर एका मोडमध्ये गाडी झेपावते, दुसऱ्यात सावकाश उचलते, पण पूर्ण पिळल्यावर दोन्हींत तेवढीच पळते. दुसऱ्या जातीत ताकदीवर झाकण बसतं. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० ला २०२० मध्ये मोड आले तेव्हा स्पोर्ट आणि ट्रॅकमध्ये सुमारे ३४ अश्वशक्ती मिळायची, अर्बन आणि रेनमध्ये २६ च्या आत. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एस१०००आरआर मध्ये एरवी १९३, रेनमध्ये १५०. आपल्या गाडीचा मोड कुठल्या जातीचा आहे हे माहिती पुस्तिकेत बघून ठेवा. पावसात एखाद्याला ओव्हरटेक करताना ते कळू नये.

१५० अश्वशक्तीला 'रेन' म्हणणं ही थट्टा नाही का?

हिशेब करून बघू, कारण या सगळ्या वादाचं मर्म तिथेच आहे.

गाडी आणि चालवणारा मिळून २८० किलो धरा. स्पोर्ट बाईकची चाकं एकमेकांजवळ असतात आणि वजन उंचावर. त्यामुळे वेग साधारण १ जी, म्हणजे वरून सोडलेल्या दगडाच्या वेगाइतक्या दराने वाढू लागला की पुढचं चाक हवेत जायला बघतं. त्याहून जोरात पळायचंच म्हटलं तर गाडी उलटेल. आता ताशी १०० च्या वेगात १ जी मिळवायला, वाऱ्याचा विरोध बाजूला ठेवला तर, लागते साधारण १०० अश्वशक्ती. ६० च्या वेगात साधारण ६०. योगायोग असा की या वजनाच्या गाडीला ताशी जितके किलोमीटर, तितकीच अश्वशक्ती रस्त्यावर उतरवता येते. बाकीची इंजिनात पडून राहते किंवा चाक उचलते.

ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर आली तर ६० च्या वेगाला जेमतेम ३० अश्वशक्ती कामाची. म्हणजे १५० चं झाकण गरजेच्या पाचपट उंचीवर बसवलंय! त्या वेगात ते झाकण तुम्हाला वाचवत नाही. वाचवतात दोन गोष्टी: मुठीच्या पहिल्या पाव फेरीत ताकद किती हळुवार येते, आणि मागचं चाक फिरू लागलं तर कोणी आवरतं का.

त्या पहिल्या पाव फेरीचीही एक गोम आहे. कमी आरपीएमला झडप थोडीशी उघडली तरी इंजिनाला ओढता येईल तेवढी जवळजवळ सगळी हवा आत जाते. म्हणजे मूठ आणि झडप सरळ जोडली तर सगळी करामत सुरुवातीच्या काही मिलिमीटरमध्ये उरकते आणि उरलेली फेरी नावापुरती राहते. चांगला ईसीयू हे ताणून सगळ्या फेरीवर पसरतो. वाईट ईसीयू उलट करतो, म्हणजे टेस्ट राइडला 'काय पिकअप आहे!' असं वाटावं म्हणून सुरुवातच आणखी तिखट करतो.

मग मोड हवेत की नकोत?

शंभरच्या वर अश्वशक्ती असेल तर दोन पुरे. एक नेहमीचा, जो नीट बसवलेला असावा, आणि एक ओल्या रस्त्यासाठी. रोड, स्पोर्ट, डायनॅमिक, ट्रॅक, आणि शिवाय 'यूझर' एक-दोन-तीन असा पसारा बघितला की मला तरी शंका येते, की यातला एकही धड जमला नाही म्हणून सगळेच दिलेत.

स्पोर्ट मोडमध्ये मूठ हाताळताना धक्के बसत असतील आणि एक पायरी खालच्या मोडमध्ये गाडी लोण्यासारखी चालत असेल, तर खालचाच मोड वापरा. त्यात कमीपणा काही नाही. वळणातून बाहेर पडताना मूठ न घाबरता उघडता आली की माणूस आपोआप वेगात जातो, तिखट मोडमध्ये तो हात आखडून बसतो. मी स्वतः अशी एक गाडी दोन वर्षं मधल्या मोडमध्ये चालवली. किल्ली बंद करून चालू केली की ती आपल्या मनाने पुन्हा तिखट मोडवर जायची, आणि रोज निघताना त्या बटणाशी माझी कुस्ती. गाडी कुठली ते जाऊ द्या. पण विकत घेण्याआधी किल्ली बंद-चालू करून निवडलेला मोड टिकतो का, एवढं जरूर बघा.

रेन मोडमध्ये पेट्रोल कमी लागतं का?

हात हलका ठेवला तर लागतं, पण ते कुठल्याही मोडमध्ये लागतं. रेन मोड त्यासाठी नसतो.

मला ब्रेक मारता येतो. एबीएस कशाला?

तुम्हाला ब्रेक मारता येतो, मान्य. सराव असेल, रस्ता कोरडा असेल, कुठे थांबायचं हे आधी ठाऊक असेल, तर कसलेला माणूस एबीएसशिवायही तितक्याच अंतरात गाडी थांबवतो. पण एबीएस त्या ब्रेकसाठी नाहीच. समोरून अचानक काही आडवं येतं, डोकं काही ठरवायच्या आत हात लिव्हर करकचून आवळतो, आणि पुढच्या टायरवर वजन यायच्या आतच चाक लॉक होतं, त्या ब्रेकसाठी ते आहे. दुचाकीचं पुढचं चाक फिरायचं थांबलं की तोल आणि दिशा दोन्ही जातात. गाडी एका सेकंदाच्या आत आडवी. तेवढ्यात बोटं सैल करायचं सुचणारे लोक असतात, पण बहुतेक जण आपण त्यातले आहोत असं नुसतं धरून चालतात.

बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के१०० ला एबीएस दिलं, पण स्पोर्ट बाईकवाले बरीच वर्षं नाक मुरडत राहिले: वजन वाढतं, लिव्हर थरथरतो. २००९ मध्ये होंडाने सीबीआर६००आरआर आणि सीबीआर१०००आरआर वर इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं तेव्हा ती तक्रार मागे पडू लागली. युरोपात २०१६ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना ते सक्तीचं झालं. अमेरिकेत आयआयएचएस या रस्ता सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने एबीएस पर्यायी असलेली मॉडेल तपासली. एबीएस असलेल्या गाड्यांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण त्याच मॉडेलच्या एबीएस नसलेल्या गाड्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी होतं. जास्तीचे पैसे देऊन एबीएस घेणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असेल, हा आक्षेप रास्त आहे. तरी तो आक्षेप धरूनही मी एबीएसच्याच बाजूने उभा राहीन.

सुट्या खडीवर मात्र एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढू शकतं. लॉक झालेलं चाक खडी पुढे ढकलून तिचा ढीग करतं आणि त्याला अडतं, फिरतं चाक तिच्यावरून जातं.

वळणात चालणारं एबीएस वेगळं असतं? की ते नुसतं नाव?

वेगळं असतं, आणि मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांत आलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

टायरची पकड म्हणजे एकच गंगाजळी. वळायला जितकी खर्च कराल तितकी ब्रेकला कमी उरते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर एकूण पकड १ जी धरा. गाडी ३० अंश झुकलेली असताना ब्रेकसाठी अजून सुमारे ८२ टक्के शिल्लक असते. ३९ अंशांना ५९ टक्के. ४२ अंशांना ४४ टक्के. ४५ ला शून्य. शेवटचे आकडे पुन्हा वाचा: ३९ वरून ४२, तीनच अंश, आणि पाव हिश्शाहून जास्त ब्रेक गायब. खऱ्या टायरची रुंदी, रस्त्याचा उतार यांनी आकडे इकडेतिकडे होतील, पण घसरगुंडी अशीच असते: आधी काहीच जाणवत नाही आणि मग एकदम सगळं संपतं. माणसाच्या बोटांना हे गणित चालत्या गाडीवर जमत नाही.

साधं एबीएस फक्त चाकाचा वेग बघतं, गाडी झुकलीय हे त्याच्या गावीही नसतं. चाक लॉक होऊ लागल्यावर ते जागं होतं, आणि झुकलेल्या गाडीत तोवर उशीर झालेला असतो. वळणातलं एबीएस आयएमयू नावाच्या सेन्सरकडून झुकाव सतत मोजून घेतं आणि त्या कोनाला किती दाब परवडेल तेवढाच देतं. बॉशची ही यंत्रणा पहिल्यांदा केटीएमच्या ११९० ॲडव्हेंचरवर आली. ती स्पोर्ट बाईकसुद्धा नव्हे. २०१५ ची यामाहा आर१ सहा अक्षांचा आयएमयू घेऊन आली आणि मग ही स्पर्धाच लागली.

ट्रॅक्शन कंट्रोलला आपण घसरतोय हे कळतं कसं?

पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेग ते ताडून बघतं. मागचं जास्त फिरू लागलं की इंजिनची ओढ कमी करतं. त्यासाठी ठिणगी उशिरा टाकतं किंवा गाळतं, नाहीतर झडप मिटतं. झुकाव कळणाऱ्या गाडीत किती घसरण चालेल हेही कोनाप्रमाणे बदलतं.

याच्या मर्यादा कोणी नीट सांगत नाही, म्हणून सांगतो. पुढचं चाक घसरलं तर हे काही करू शकत नाही. वळणात शिरतानाच वेग जास्त असेल तरीही नाही. मूठ बंद असताना ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक सरकलं, तर कमी करायला तिथे ओढच नसते. एवढंच कशाला, भसकन खालचा गिअर टाकल्यामुळे चाक अडखळलं तर ते काम स्लिपर क्लचचं किंवा इंजिन ब्रेकिंग सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, ट्रॅक्शन कंट्रोलचं नव्हे. ते फक्त एका चुकीवर पांघरूण घालतं: वळणातून निघताना मूठ लवकर किंवा जास्त पिळणं. पण त्या चुकीची शिक्षा हायसाइड असते, म्हणजे मागचं चाक सरकून पुन्हा अचानक धरतं आणि माणूस गाडीवरून पलीकडे भिरकावला जातो. म्हणून तेवढं एकच पांघरूणही मोलाचं.

जुने रायडर यातलं काहीच नसताना चालवत नव्हते का?

चालवत होते, आणि पडतही होते. १९९२ ची होंडा फायरब्लेड किंवा १९९८ ची दीडशे अश्वशक्तीची यामाहा आर१, हातात एक तार आणि बाकी देवाचा भरवसा. सगळेच काही पडले नाहीत, पण 'आमच्या वेळी' सांगायला जे उरले तेच सांगतात, हेही लक्षात घ्या.

तेव्हाही मदत होतीच, फक्त ती यंत्रात दडलेली असायची. पाचशे सीसीच्या टू-स्ट्रोक शर्यतीच्या गाड्यांची ताकद एका अरुंद पट्ट्यात धाडकन यायची आणि हायसाइड नेहमीचे होते. होंडाने १९९२ मध्ये एनएसआर५०० च्या चारही सिलिंडरचे स्फोट समान अंतराने करण्याऐवजी जवळजवळ आणले. दोन दणक्यांच्या मध्ये टायरला सावरायला फुरसत मिळू लागली, आणि मूठ उघडताना रायडरला अंदाज येऊ लागला. त्यात चिप नव्हती, पण हेतू ट्रॅक्शन कंट्रोलचाच. यामाहाने २००९ च्या आर१ ला क्रॉसप्लेन क्रँक (स्फोट असमान अंतराने होतील असा इंजिनाचा दांडा) दिला, तेव्हाही मुठीला मागच्या टायरचा अंदाज यावा हाच विचार होता. मला अशी मदत अधिक आवडते, कारण ती बंद पडत नाही आणि तिला मेनू नसतो.

मोटोजीपीच्या शर्यतीत तर सगळं इलेक्ट्रॉनिक्सच असतं ना?

असतं, पण रस्त्यावरच्यापेक्षा हेतू वेगळा. तिथे प्रत्येक वळणाला, प्रत्येक गिअरला ताकदीचा निराळा हिशेब असतो, आणि टायर शेवटच्या फेरीपर्यंत पुरवणं हा मोठा भाग. तरीही २०१६ पासून सगळ्या संघांना एकच ईसीयू आणि एकच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. ज्याच्याकडे चांगले प्रोग्रामर तोच पुढे, असं होऊ नये म्हणून. आणि त्या गाड्यांना एबीएस नसतं. पुढच्या वळणाला कुठे ब्रेक मारायचा हे त्या माणसाला मिलिमीटरमध्ये ठाऊक असतं आणि समोरून कुत्रं येत नाही.

३००-४०० सीसीच्या गाडीला हे सगळं कशाला?

एबीएस हवंच, ते अश्वशक्तीवर अवलंबून नाही. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर पावसात उपयोगी, नसेल तर अडत नाही. पॉवर मोडची गरज जवळपास नाही, कारण चाळीस अश्वशक्तीत वरच्या हिशेबाप्रमाणे वाया घालवायला फारसं काही उरतच नाही. छोट्या गाडीत खर्च करायचाच असेल तर वळणातल्या एबीएसवर करावा. २०२२ च्या केटीएम आरसी ३९० मध्ये ते आहे, म्हणजे छोट्या गाडीला ते परवडत नाही हे म्हणणं आता खरं राहिलेलं नाही.

पहिलीच गाडी १००० सीसीची घेऊन रेन मोडमध्ये शिकलं तर?

हा प्रश्न बहुधा मन आधीच पक्कं केलेला माणूस विचारतो. तरी सांगतो: नको. रेन मोडने गाडीचं वजन कमी होत नाही. पुढे झुकलेली बैठक, मनगटावरचा भार, तिखट ब्रेक, रुंद मागचं टायर हे सगळं तसंच राहतं. शिवाय छोट्या गाडीवर चूक केली की गाडी तिथल्या तिथे सांगते. मोठी गाडी इलेक्ट्रॉनिक्सच्या आडून गप्प राहते, आणि बोलते तेव्हा एकदम ओरडते.

यामुळे हात बिघडतो का?

बिघडू शकतो, पण उपाय गाडीतच आहे. ट्रॅक्शन कंट्रोल काम करू लागलं की पडद्यावर एक दिवा लुकलुकतो. तो दिवा म्हणजे शाबासकी समजणारे लोक मी पाहिलेत. तो खरं तर 'इथे तू चुकलास' असं सांगत असतो. माझा हात मऊ आहे अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. पहिल्यांदा असा दिवा असलेली गाडी ओल्या घाटात चालवली तेव्हा तो प्रत्येक हेअरपिनला पेटला. मूठ उघडायची वेळ थोडी पुढे ढकलली, उघडणं थोडं लांबवलं, आणि मग तो पेटणं थांबलं. जुन्या गाडीवर हे मला कोणी सांगितलंच नसतं.

क्विकशिफ्टर आणि लाँच कंट्रोल?

क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय, सुखाचा आहे, सुरक्षेचा नाही. लाँच कंट्रोल उभी गाडी झपाट्याने सोडायला असतं; ते सिग्नलवर वापरायची इच्छा होत असेल तर गाडी घरी ठेवा.

टायर बदलल्यावर यंत्रणा गोंधळते का?

गोंधळू शकते. मापात किंवा आकारात बदल झाला की चाकाचा घेर बदलतो, आणि दोन चाकांच्या वेगातला तो कायमचा फरक ईसीयूला घसरण वाटू शकतो. काही गाड्यांत नव्या टायरची ओळख करून द्यायची सोय असते. आधी ती शोधा. नसेल तर कंपनीने दिलेलंच माप टाका. झिजलेल्या टायरला मात्र कुठलीही यंत्रणा पकड परत देत नाही. तिच्या हातात फक्त शिल्लक असलेल्या पकडीचा हिशेब असतो.

जुनी गाडी घेताना हे सगळं चालू आहे हे कसं ओळखायचं?

किल्ली फिरवली की एबीएसचा दिवा पेटायला हवा आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझायला हवा. विझला नाही तर बिघाड आहे, आणि तो मालक तुम्हाला 'तो दिवा असाच असतो' असं सांगेल. पेटलाच नाही तर जास्त सावध व्हा, कारण दिवाच काढून टाकलेला असू शकतो. मग मोकळ्या, सरळ आणि कोरड्या जागी कमी वेगात फक्त मागचा ब्रेक जोरात दाबा: पायाखाली पेडल थरथरलं पाहिजे, चाक नुसतं फरफटता कामा नये. चाकाजवळची दातेरी किंवा भोकांची चकती वाकलेली नाही ना, सेन्सरची वायर कुठे घासलेली नाही ना हे वाकून बघा. आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. चहासारखा रंग आला असेल, तर मालकाने बाकीचं काय काय सांभाळलं असेल त्याचा अंदाज येतोच.